यमूच्या ड्रमला पाय

आजऱ्याहून नवी मुंबईला जायला फारसं काही लागत नाही. संध्याकाळी गाडीत बसायचं आणि उजाडताना उतरायचं. तरी शेवटच्या भेटीनंतर मला तिथं जायला बारा वर्षं लागली.

तिथं करावे गावात माझी मैत्रीण राहायची, यमुना. आम्ही दोघी गडहिंग्लजला डी.एड.ला एका खोलीत होतो. तिचा जवळपास कुठं नंबर लागला नाही, म्हणून खाडीकाठची ही मुलगी एक ट्रंक आणि सुक्या मासळीची पिशवी घेऊन आमच्या डोंगरात आली. कॉलेजात मुलींचा बँड होता. लष्करातून निवृत्त झालेले एक सुभेदार शिकवायचे. साइड ड्रम दोनच, एक तिच्याकडं आणि एक माझ्याकडं. पट्ट्यानं खांद्यावरून लटकवलेला तो ड्रम चालताना डाव्या मांडीवर आपटायचा. सव्वीस जानेवारी जवळ आली की आम्हा दोघींच्या मांडीवर निळे डाग पडायचे आणि रात्री खोबरेल तेल चोळत आम्ही सुभेदारांना शिव्या द्यायचो.

लग्नानंतर मी ड्रम सोडला. सासरी कुठं वाजवणार? यमूनं लग्नच केलं नाही. ती तिकडच्या पालिकेच्या शाळेत लागली, तिथं तिनं मुलांचा बँड उभा केला आणि तीस वर्षं चालवला. ती निवृत्त झाली त्या वर्षी शाळेनं नवी वाद्यं घेतली आणि जुन्यातला एक पितळी ड्रम तिला देऊन टाकला.

तीन वर्षांपूर्वी तिला छातीचा कॅन्सर झाला. मी फोनवर म्हटलं, येते. ती म्हणाली, "केमो संपल्यावर ये, आता डोक्यावर केस नाहीत माझ्या." मी ते लगेच मान्य केलं. किती लगेच, ते आठवलं की आजही मान खाली जाते. मग यांचा गुडघा, मग सुनेचं बाळंतपण.

या जानेवारीत तिचाच फोन आला.

"शैला, मना ड्रमला स्टँड घ्यायचाय. रूपेशनं मोबाईलवरून मागवला तो आठ दिवसांत मोडला. तू ये आनि निवड."

"अगं, मला काय कळतंय त्यातलं?"

"तुला नट-बोल्ट कळतात. ये."

माझ्या वडिलांचं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं, आणि लहानपणी मी शाळेतून आले की तिथंच बसायची. एवढ्या एका गोष्टीच्या जोरावर मी निघाले. सोबत पाच किलो घनसाळ तांदूळ घेतला, कारण दुसरं काय न्यायचं ते सुचलं नाही.

करावे

हायवेवर मला घ्यायला तिचा भाचा रूपेश आला होता. भावाचा मुलगा, पस्तिशीचा, स्वतःची रिक्षा आहे. "मावशी, बॅग द्या, टेन्शन नको घेऊ," म्हणत त्यानं बॅग मागं टाकली. तो कधी 'तुमी' म्हणायचा, कधी 'तू', आणि दोन्हींत सारखीच माया होती.

आधी मोठमोठे टॉवर लागले, प्रत्येकाच्या फाटकावर वॉचमन. मग एका वळणावर रस्ता एकदम अंग चोरून घेतो आणि गाव सुरू होतं. आमच्याकडं गाव संपतं तिथं शेत लागतं. इथं गाव संपतं तिथं सोसायटी लागते. जुन्या जागांवर तीन-तीन मजली घरं चढवलेली, वर भाडेकरू, खाली घरमालक, आणि गच्चीच्या कठड्यावर निळी जाळी वाळत घातलेली. वास मात्र चाळीस वर्षांपूर्वीच्या त्या पिशवीचाच होता.

यमू दारात खुर्ची टाकून बसली होती. मी रिक्षातून उतरले आणि दोन क्षण तिला शोधत राहिले. ती माझ्यासमोरच होती. केस परत आले होते, बारीक, पांढरेशुभ्र. अंगावरचा गाऊन खुर्चीवर वाळत घातल्यासारखा.

"केस छान दिसतात गं तुला," मी म्हटलं. इतक्या वर्षांनी हेच निघालं तोंडातून.

"केसांचं सोड. तू किती जाडी झालीस गो!" ती म्हणाली, आणि आम्ही दोघी हसलो.

घर तिच्या भावाचं. भाऊ खाडीत मासे धरायचा, तो पाच वर्षांपूर्वी गेला. आता घरात यमू, तिची सुमनवहिनी आणि रूपेश. वहिनी बोलायला मोकळ्या. मी तांदळाची पिशवी पुढं केली तशी त्यांनी मूठभर तांदूळ नाकाशी नेला. "या गो बाय! भाताला पन वास येतो तुमचेकडं?" दुपारी त्यांनी तो मुद्दाम वेगळा शिजवला. शेजारच्या दोघी वास घ्यायला डोकावून गेल्या. सोबत तांदळाची भाकर, जवळा आणि यमूसाठी चिंबोऱ्यांचा रस्सा. आमच्याकडं आजारी माणसाला पेज देतात, फार तर मुगाचं कढण. इथं खेकडा कुटून त्याचं पाणी पाजतात. यमूनं दोन चमचे घेतले आणि वाटी हळूच माझ्याकडं सरकवली. वहिनी आत गेल्या की मी ती संपवायची असं ठरलं. चार दिवस मी तिच्या वाटणीच्या चिंबोऱ्या खाल्ल्या. वहिनींना वाटत राहिलं की यमूला खाणं जातंय. ही एक लबाडी आम्ही केली.

जेवण झाल्यावर ड्रम दाखवायला तिनं मला आत नेलं. ड्रम प्लॅस्टिकच्या खुर्चीवर, खाली गोधडी घालून ठेवलेला. पितळ लख्ख घासलेलं. शेजारी भिंतीला टेकून मोडका स्टँड. मी तो उचलला आणि उचलतानाच कळलं. नळी पत्र्याइतकी पातळ, तीन पाय, पण प्रत्येकाला एकच पट्टी, तीही एका रिबिटीवर. उंची धरून ठेवणाऱ्या बोल्टाचे आटे गेलेले. घट्ट केला तरी नळी आपली खाली.

"बरोबर पायावर पडला माझ्या," यमू म्हणाली. "रक्त आलं तेपन मना कळलं नाय. लादीवर वहिनीला दिसलं."

मला वाटलं, ड्रम पडल्याच्या धक्क्यात कळलं नसेल. मी पुढं विचारलं नाही.

"पण पट्टा लावून थोडा वेळ नाही का वाजवता येणार?" असं मात्र विचारलं. तिनं गाऊनची कड थोडी बाजूला केली. उजवीकडं ऑपरेशनची लांब शिवण, डावीकडं कातडीखाली औषधासाठी बसवलेलं बटणासारखं काहीतरी. पट्टा जायला कुठून जागाच नव्हती.

मी मोजपट्टी मागितली. तिला खुर्चीवर बसवून गुडघ्यापर्यंतची उंची घेतली, ड्रमची खोली घेतली, तोंडाची रुंदी घेतली आणि वहीत लिहून ठेवलं. यमू बघत राहिली. "बघ," ती म्हणाली, "म्हनून तुला बोलावलं."

वाशी

दुसऱ्या दिवशी रूपेशच्या रिक्षातून आम्ही वाशीला गेलो. ड्रम यमूच्या मांडीवर. मी घेते म्हटलं तर दिला नाही.

पहिलं दुकान काचेचं, गारेगार. आतला विक्रेता मुलगा चांगला होता. "आजी, नातू किती वर्षांचा आहे?" त्यानं विचारलं.

"नातू नाय. मीच," यमू म्हणाली.

तो गडबडला. मग त्यानं जे दाखवलं ते सगळं चकचकीत आणि आमच्या आवाक्याबाहेरचं. त्यातही आणखी एक अडचण होती. मी वहीतलं माप काढलं आणि एकेक स्टँड पार खाली करून पाहिला. एकही पुरेसा खाली जाईना. आजकालचे ड्रम उथळ असतात, त्यांच्यासाठी हे बनवलेले. आमचा ड्रम हातभर खोल. यातल्या कशावरही ठेवला असता तर बसलेल्या यमूच्या हनुवटीला लागला असता. त्या मुलाला हे पटायला वेळ लागला. मग त्यानंच मागच्या सेक्टरातल्या एका तळघराचा पत्ता दिला. म्हणाला, "जुन्या वाद्यांचं तेच बघतात."

तळघरात उतरायला बारा पायऱ्या होत्या. यमूनं दर तीन पायऱ्यांनंतर थांबून श्वास घेतला. खाली ट्यूबलाइटच्या उजेडात साठीचे एक गृहस्थ ढोलकीला शाई लावत बसले होते. नाव अन्वरभाई. मूळचे जळगावकडचे, तरुणपणी लग्नाच्या बँडमध्ये होते. ड्रम बघितला तसे हात पुसून उठले.

"अरे वा, हा तर परेडवाला आहे. आजकाल असं पितळ कुठं मिळतं?" त्यांनी ड्रम उलटा केला, खालच्या तारांवरून बोट फिरवलं. "कोणी ठेवलाय एवढा चांगला?"

"मी," यमू म्हणाली. त्यांनी तिच्याकडं पाहिलं आणि आधी तिला बसायला स्टूल दिलं.

त्यांच्याकडं कामाचे तीन स्टँड निघाले. पहिला नवा, हलका, मोडक्याचाच सख्खा भाऊ. दुसरा भारी, पण पुन्हा उंच. तिसरा जुना. कुठल्याशा बँडच्या सामानातून विकायला आलेला. पायांना दुहेरी पट्ट्या, नळी जाड, आणि बुटका. मी खाली बसकण मारली. पाय पूर्ण फाकवून बघितले. बोल्ट काढून आट्यांवरून नखाची कड फिरवली. झिजलेला आटा नखाला अडत नाही, हे वडिलांनी शिकवलेलं. हे आटे अडत होते. वरच्या तीन हातांपैकी एकाचं रबर गेलं होतं. तिरका करायच्या सांध्याला दाते होते, ते मी एकेक मोजावेत तसे बघितले. मग उठून दोन्ही हातांनी सगळा भार टाकला. स्टँड जागचा हलला नाही.

"बाई, गॅरेज होतं का तुमचं?" अन्वरभाई हसले.

"वडिलांचं सायकलचं दुकान."

"मग ठीक आहे, तुमच्यापुढं खोटं नाही चालणार. हा जुना आहे, पण लोखंड आहे. तसं रोज किती वेळ वाजवणार? कधीमधीच असेल तर तो हलकासुद्धा चालेल, पैसे वाचतील."

रूपेश एकदम पायऱ्यांकडं बघायला लागला. मी वही चाळली.

यमू शांतपणे म्हणाली, "मजबूतच द्या. माझ्यानंतर तो शालेत जानाराय. पोरं लय आदळआपट करतात."

अन्वरभाईंनी मान हलवली. सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा कापून त्यांनी त्या उघड्या हाताला रबर चढवलं. ड्रम वर ठेवला तर तारा ओढायची कळ नेमकी एका हाताला अडत होती. तो जरासा फिरवून ती मोकळी केली. उंची यमूच्या गुडघ्यांना बरोबर आली. मग त्यांनी काड्या तिच्या पुढं धरल्या.

"वाजवून बघा ताई."

यमूनं काड्या घेतल्या. सुभेदारांनी शिकवलं होतं तशी पाठ ताठ केली. डाव्या हाताचा एक ठोका पडला, उजव्याचा एक पडला, आणि उजवी काडी सुटून फरशीवर गेली. पण हात थांबला नाही. रिकामा हात आणखी दोनदा हवेत वर-खाली झाला. डावीचा ठोका पडत होता, उजवीचा पडत नव्हता. मग तिनं हाताकडं पाहिलं.

"शैला," ती म्हणाली, "पडली का?"

मी काडी उचलून दिली. ती पुन्हा पडली.

"केमोनं झालं," ती सांगायला लागली, जणू शाळेतल्या फळ्यावरचं काही समजावतेय. "बोटं हायत, हलतात, पन त्यांना काय कळत नाय. मोजे घातल्यासारखी. पायांचं पन तसंच. उजवा जास्ती."

तेव्हा मला लादीवरचं रक्त उमगलं. तीन वर्षं फोनवर मी 'जेवलीस का, झोप लागते का' विचारत होते. हातांचं कधीच विचारलं नव्हतं, आणि या बाईचं सगळं आयुष्य हातात होतं.

अन्वरभाईंनी उरलेल्या ट्यूबच्या पट्ट्या कापल्या आणि दोन्ही काड्यांच्या मुठीला घट्ट गुंडाळल्या. जाड, खरखरीत मूठ झाली. "आता थोडी धरून ठेवील," म्हणाले. स्टँडच्या किमतीत मी घासाघीस केली, त्यांनी कमी केलं, काड्यांच्या कामाचे घेतले नाहीत. निघताना ते वरपर्यंत स्टँड घेऊन आले.

परतताना स्टँड आम्हा दोघींच्या मांड्यांवर आडवा होता. यमू माझ्या खांद्यावर झोपली. तिचं डोकं खांद्यावर आहे हे मला मुद्दाम लक्षात ठेवावं लागत होतं, इतकं ते हलकं होतं.

खाडी

तिसऱ्या दिवशी सकाळी ती म्हणाली, मला खाडीवर ने. रूपेशनं जमेल तिथवर रिक्षानं सोडलं.

आमच्याकडच्या नद्या वाहताना दिसतात. खाडीचं पाणी कुठं चाललंय तेच मला कळेना. ओहोटी होती. चिखलात होड्या एका कुशीवर कलंडल्या होत्या, आणि पलीकडं तिवरांची गर्द रांग. लांबवर उथळ पाण्यात गुलाबी पक्ष्यांचा थवा उभा होता. सोसायट्यांतून आलेली चार-पाच माणसं लांब नळीचे कॅमेरे लावून त्यांचे फोटो काढत होती. चिखलात गुडघाभर उतरून एक बाई काहीतरी वेचत होती. तिचा फोटो कोणी काढत नव्हतं. यमूनं तिला हाक मारली, तिनं वर बघून हात केला.

"डिसेंबरात डॉक्टर बोलले," यमू पाण्याकडं बघत म्हणाली, "की आता औषध देन्यात अर्थ नाय. लिव्हरात गेलंय."

मला वाटतं मी अंदाज केला होता.

"फोनवर का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर आली असतीस."

"मग?"

"मग तू मराया टेकलेल्या बाईला बघायला आली असतीस. तशी रोज दोघी-तिघी येतात. सफरचंदं आनतात आनि रडतात. मना कोनतरी स्टँड घ्यायला यायला पायजे होतं."

मग जे बारा तासांच्या प्रवासात मनात घोळवलं होतं ते बोलले. "यमू, मी तुझ्या ऑपरेशनच्या वेळी यायला हवं होतं. तू नको म्हणालीस ते मी सोयीनं ऐकलं."

वाटलं होतं ती म्हणेल, जाऊ दे गं. ती तसं म्हणाली नाही.

"हो," ती म्हणाली. "यायला पायजे होतंस. मी वाट बघत होते."

एवढंच. रागानं बोलली नाही. पण माफही केलं नाही, आणि मी माफी मागितलीही नाही. उन्हानं चिखल चमकायला लागला तसे आम्ही उठलो. तिला उठवताना मी तिचा उजवा हात धरला होता. मी धरलाय हे तिला कळत होतं की नाही, कोण जाणे.

माजघर

दुपारी चारच्या सुमारास तिनं ड्रम मागितला. मी स्टँड उभा केला, पाय फाकवले, बोल्ट आवळले. ती खुर्चीवर बसली. रबर गुंडाळलेल्या काड्या तिच्या मुठीत दिल्या.

डावा हात चालला. उजव्यानं सहा-सात ठोके नीट दिले आणि काडी फिरली. मी दिली. पुन्हा फिरली. चौथ्यांदा ती पडली तेव्हा यमूनं डावीही भिरकावली. ती कपाटावर जाऊन आदळली. स्वयंपाकघरातला आवाज बंद झाला.

"स्टँड घट्ट हाय आनि मीच ढिली," ती म्हणाली आणि रडायला लागली. तिला रडताना मी त्याआधी एकदाच पाहिलं होतं, हॉस्टेल सोडताना.

मी दोन्ही काड्या उचलल्या, एक तिच्या डाव्या हातात दिली आणि दुसरी खुर्ची ओढून ड्रमच्या पलीकडं, तिच्या समोर बसले. पट्ट्यानं लटकवलेला ड्रम एकटीचाच असतो. स्टँडवरचा तसा नसतो, त्याला चारी बाजूंनी जागा असते. हे मला तिथं बसल्यावर कळलं.

"तू डावा दे," मी म्हटलं. "उजवा मी देते."

"तुला येतंय का अजून?"

"नाही येत. बघू."

सुरुवात फार वाईट झाली. एका माणसाचे दोन हात एकमेकांना विचारत नाहीत. आम्हाला विचारावं लागत होतं. तिचा ठोका पडला की माझा उशिरा, माझा पडला की तिचा लवकर. मी समोर बसलेली, त्यामुळं मला सगळं उलटं. दोनदा काड्या काड्यांवर आपटल्या. मग यमू मोठ्यानं मोजायला लागली, शाळेतल्या तिच्या परेडच्या आवाजात. "डावा! उजवा! डावा! उजवा!" त्या एवढ्याशा अंगातून तो आवाज कसा आला माहीत नाही. मी तिच्या हाताकडं बघायचं सोडलं आणि आवाजाकडं लक्ष दिलं. आणि जमलं.

आधी साधी चाल, मग दुहेरी ठोके, मग ती सुभेदारांची लांब घोळवणी, जिच्यात दोन हातांचे ठोके वेगळे ऐकू यायला नकोत. ती काही तशी झाली नाही, आमचे ठोके वेगळेच ऐकू येत होते. पण पितळ घुमत होतं, तारा सळसळत होत्या आणि स्टँड तसूभरही सरकला नाही. वहिनी पिठाच्या हातांनी दारात उभ्या होत्या. वरच्या मजल्यावरची भाडेकरू बाई लेकराला कडेवर घेऊन खिडकीशी आली.

साधारण झेंड्यासमोरून एक परेड पुढं जाईल इतका वेळ आम्ही वाजवलं. मग यमूचा ठोका आला नाही. माझा एकटा उजवा हात दोनदा वाजला आणि मी थांबले. ती डोळे मिटून, काडी धरून बसली होती. कपाळावर घाम.

"पुरे," ती म्हणाली.

वहिनींनी पदरानं तिचं तोंड पुसलं. "वाडीभर ऐकू गेला गो बाय," त्या म्हणाल्या. यमू त्यावर हसली. त्या दिवशी तिनं चिंबोऱ्यांच्या रश्शातले चार चमचे स्वतः घेतले.

निघताना

चौथ्या दिवशी माझी गाडी होती. वहिनींनी सुका जवळा तीन पिशव्यांत बांधून दिला, वर कागदात कोलंबी. रूपेश बॅग रिक्षात ठेवायला गेला आणि वहिनी कुंकवाची डबी आणायला आत वळल्या. तेवढ्यात यमूनं मला खाली वाकायला सांगितलं.

"मी गेल्यावर येऊ नको."

"असं काय बोलतीस?"

"ऐक. इथं सगलं गाव जमतं. तोंड बघायला रांग लागते. त्या रांगेत तू नको. तू स्टँड घ्यायला आलीस, तेवढं राहू दे. शब्द दे."

मी नाही म्हणत राहिले. वहिनींची पावलं ऐकू आली तसा तिनं माझा दंड डाव्या हातानं, जो थोडा शाबूत होता त्या हातानं, दाबला. मी शब्द दिला. वहिनींनी मला कुंकू लावलं. यमू दारापर्यंत आली नाही, खुर्चीतूनच हात केला.

आजरा

सहा आठवड्यांनी सकाळी रूपेशचा फोन आला. "मावशी, आत्या गेली. पहाटे. झोपेतच." तो थांबला. "दुपारपर्यंत ठेवनार हाय. तुमी येता का? उद्या-परवा आलात तरी चालेल."

यांनी लगेच चौकशी केली, संध्याकाळच्या गाडीला जागा होती. मी बॅग काढली, दोन पातळं घातली, टॉवेल घातला. मग पलंगावर बसून राहिले. दुपारी सगळं काढून परत कपाटात ठेवलं. हे म्हणाले, "अगं, जायला नको का?" मी म्हटलं, "नको." त्यांनी माझ्याकडं असं पाहिलं, जणू चाळीस वर्षांच्या संसारात प्रथमच त्यांना माझी ओळख पटेना. त्यांनाही मी कारण सांगितलं नाही.

तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी रूपेशनं कळवलं, की ड्रम आणि स्टँड शाळेत पोचवला. एक मुलगी आहे म्हणे सातवीत, अंगानं बारीक, तिला पट्टा पेलत नव्हता. ती आता स्टँडवर शिकते. मी बरं म्हटलं. मग तो म्हणाला, "आई बोलतेय, घ्या," आणि फोन वहिनींकडं गेला.

वहिनी रडत नव्हत्या. त्यांनी सगळं नीट सांगितलं. किती माणसं आली, कुठल्या कुठल्या गावांहून आली. जुने विद्यार्थी आले, कोणी ड्यूटी टाकून आला. चिखलात वेचणारी ती बाईसुद्धा दोन दिवस बसून होती. सगळ्यांनी विचारलं, ती आजऱ्याची मैत्रीण आली नाही का?

"सगली आली गो," वहिनी म्हणाल्या. "तूच का नाय आलीस?"

यमूनं जे सांगितलं ते मला एकटीला सांगितलं होतं, वहिनी आत गेलेल्या असताना. मी काही बोलले नाही. त्यांनी थोडा वेळ वाट पाहिली, आणि फोन ठेवला.